एकशे एकाहत्तर अंजिरे

"हे दोन्ही नमुने एकाच पिशवीतले आहेत, मॅडम," सोनटक्के म्हणाले आणि माझ्या सहीचे दोन अहवाल त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही अहवाल सुक्या अंजिरांचे होते. नमुना क्रमांक एकशे चौदा: अफ्लाटॉक्सिन, किलोमागे चार मायक्रोग्रॅम. नमुना क्रमांक एकशे एकतीस: एकसष्ट. कायद्याची मर्यादा तेव्हा तीस होती. पहिल्या अहवालाखाली मी 'खाण्यास योग्य' असे लिहिले होते, दुसऱ्याखाली 'अयोग्य'. आणि दोन्हींखालची माझी सही तितकीच ठाम होती.

"शक्य नाही," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून स्वतः आलो."

या गोष्टीला अठरा वर्षे होतील. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. अमरावतीहून जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन तुर्भ्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून लागले होते. बंदरावर उतरणाऱ्या परदेशी खाद्यपदार्थांचे नमुने आमच्याकडे येत. आम्ही आकडा देत असू आणि त्या आकड्यावर माल सुटे किंवा अडे. दिगंबर सोनटक्के बंदरावर नमुने काढणारे अधिकारी होते. मूळचे परभणीकडचे, सत्तावन्न वर्षांचे, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. तोवर माझा त्यांच्याशी संबंध फक्त त्यांच्या हस्ताक्षराशी आला होता. नमुन्याच्या चिठ्ठीवर ते शून्यातही रेघ मारत, सहा आणि शून्य यांत घोटाळा होऊ नये म्हणून.

"एकाच पिशवीतले म्हणजे कसे? क्रमांक वेगळे आहेत. तारखा वेगळ्या आहेत."

"ते मीच वेगळे घातलेत. चाळीस खोक्यांतून अंजिरं काढली, एका मोठ्या पिशवीत कालवली आणि तिचे तीन भाग केले. एक तुम्हाला एकशे चौदा म्हणून पाठवला. दुसरा आठ दिवसांनी एकशे एकतीस म्हणून. तिसरा माझ्या कपाटात सीलबंद आहे."

"नियमात दोनच भाग आहेत. एक आम्हाला, एक राखीव."

"हो."

"म्हणजे तुम्ही आमची परीक्षा घेतलीत."

"घेतली," ते म्हणाले. आवाजात क्षमायाचना नव्हती आणि विजयही नव्हता. "आता मला एक सांगा. दोन किलोंच्या पिशवीतून तुम्ही तपासायला किती घेता?"

"पन्नास ग्रॅम."

"म्हणजे अंजिरं किती?"

हा प्रश्न मला तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. "चार," मी म्हणाले. "फार तर पाच."

"आणि ती कुठून घेतलीत?"

"पिशवीतून."

"वरून?"

"हो," मी म्हणाले. 

अफ्लाटॉक्सिन हे एका बुरशीने तयार केलेले विष आहे. ते यकृतावर परिणाम करते, त्याला चव नसते आणि शिजवून ते जात नाही. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते सारखे पसरत नाही. शंभर अंजिरे निर्मळ असतात आणि एकशे एकाव्यात सगळा कारभार असतो. म्हणून नमुना पूर्ण दळायचा, एकजीव करायचा आणि मग त्यातले पन्नास ग्रॅम घ्यायचे, असे आमच्याच भिंतीवरच्या कार्यपद्धतीत लिहिलेले होते. पण आमच्याकडे मिक्सर घरगुती होता. अंजिरे पात्यांना चिकटत. माझ्या आधीच्या कोणाच्या तरी हातून दोन मोटारी जळाल्या होत्या आणि तेव्हापासून पिशवी उघडायची, वरची मूठभर काढायची आणि तेवढीच वाटायची, अशी वहिवाट पडली होती. मी रुजू झाले तेव्हा हीच पद्धत मला दाखवली गेली. भिंतीवरचा कागद मी वाचला होता. हातांनी मात्र दाखवलेले शिकून घेतले होते.

म्हणजे बारा टन मालाची पात्रता मी चार अंजिरांवरून ठरवली होती. दोनदा. आणि दोनदा वेगवेगळी.

"हे तुम्ही मला का सांगताय?" मी विचारले. "वरिष्ठांना सांगायला हवं होतं."

"वरिष्ठांचंच पत्र आहे माझ्या खिशात."

त्यांनी ते वाचायला दिले. कारणे दाखवा नोटीस होती. अंजिरांची ही खेप त्यांनी अडवली होती, कारण खोक्यांवर 'मूळ देश: अफगाणिस्तान' असे एकच लेबल होते, कागदोपत्री एकाच भागातली एकाच हंगामाची फळे होती आणि खोके उघडल्यावर मात्र आत दोन आकारांची, दोन रंगांची अंजिरे एकत्र कालवलेली त्यांना दिसली होती. आयातदाराने तक्रार केली की हा अधिकारी जाणूनबुजून छळतो. शुक्रवारी माझा चारचा अहवाल पोहोचला. सोमवारी नोटीस निघाली: प्रयोगशाळेने माल योग्य ठरवला असताना तो हेतुपुरस्सर अडवून ठेवल्याबद्दल विभागीय चौकशी का करू नये? अशी चौकशी सुरू असताना निवृत्त होणाऱ्याचे निवृत्तिवेतन अडकते, हे त्या काळी आम्हा सगळ्यांना माहीत होते.

आणि आज, मंगळवारी, माझाच एकसष्टचा अहवाल त्यांच्या हाती आला होता.

एवढ्यात आमचे संचालक डॉ. उपासनी आत आले. त्यांच्या केबिनची काच माझ्या टेबलासमोरच होती. त्यांना दोन कागद समजायला अर्धे मिनिट पुरले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या जिवावर तेवीस घरे चालत होती आणि प्रयोगशाळेची सरकारी मान्यता दरवर्षी नव्याने मिळवावी लागे.

"बसा सोनटक्के. चहा?"

"नको. झालाय."

"नोटिशीचं कानावर आलं माझ्या. वाईट वाटलं. पण आता तर तुमचा मार्ग मोकळाच झाला की." त्यांनी चारच्या अहवालावर बोट ठेवले. "हा आम्ही मागे घेतो. टंकलेखनाची चूक. एकसष्ट कायम. माल परत जाईल, तुमची नोटीस जाईल. आणि तो नमुन्याचा तिसरा भाग वगैरे, तेही कोणाला कळायचं कारण नाही."

सोनटक्के माझ्याकडे वळले. "टंकलेखनाची चूक होती का?"

"नाही," मी म्हणाले.

उपासनींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला पुढे बरेच दिवस पुरली.

"अहो, एकसष्ट तुमच्या बाजूचा आकडा आहे!" ते सोनटक्क्यांना म्हणाले. "कोणी आयता आणून दिलेला घास नाकारतं का?"

"तो माझ्या सोयीचा आहे, साहेब. चार त्या आयातदाराच्या सोयीचा. दोन्ही चार-चार अंजिरांवरून आलेत. मी माझा उचलला, तर त्याने त्याचा का उचलू नये?"

"मग काय करायचं म्हणता?"

"तिसरा भाग उघडायचा. आयातदाराच्या माणसासमोर. सगळाच्या सगळा दळायचा. येईल तो आकडा."

"आणि पंचवीस आला तर?"

"तर माल सोडायचा."

"आणि तुम्ही?"

"ते नंतरचं."

सज्जनपणाच्या प्रदर्शनाबद्दल माझे मत कधीच चांगले नव्हते. हा मनुष्य एक तर हट्टी असावा किंवा त्याला आकडेमोड कळत नसावी, असे मला वाटले. म्हणून उपासनी गेल्यावर मी त्यांना गणित मांडून दाखवले. दोन आकड्यांची सरासरी साडेबत्तीस. मर्यादा तीस. दोनच मोजण्या आणि त्यांत एवढा फरक. म्हणजे खरा आकडा मर्यादेच्या वर की खाली, हे नाणे उडवून ठरवण्यासारखेच होते.

"निम्मी-निम्मी शक्यता आहे," मी म्हणाले. "तुम्ही नोकरी नाण्यावर लावताय."

त्यांनी माझा कागद नीट वाचला. एका ठिकाणी थांबून, "ही बेरीज एकाने चुकलीय, पण निष्कर्ष बदलत नाही," असे म्हणाले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, माझ्या बाजूने जास्त आहे. मिक्सर कोणता आहे तुमच्याकडे?"

मी दाखवला.

"हा नाही चालायचा. इडलीचं पीठ वाटतात तो दगडी ग्राइंडर आणा, नवा. अंजिरांच्या वजनाएवढं पाणी घाला. मऊ वाटण होईल, चिकटणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मंगळवारी उपास असतो माझा. घरी खजुराचं वाटण मीच करतो. मिक्सर मीही एक जाळलाय."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिसरी पिशवी उघडायची ठरली. आयातदारातर्फे त्यांचा क्लिअरिंग एजंट नितीन भोईर आला. उरणकडचा, हसतमुख, दोन मोबाइलवाला माणूस. बंदरातून माल सोडवून नेणे हे त्याचे काम आणि त्या कामात सोनटक्के म्हणजे रस्त्यातला दगड.

"या हौजी साहेब!" तो दारातूनच म्हणाला. "आज फुल हाऊस कोणाचं?"

मला संदर्भ कळेना. भोईरनेच उत्साहाने सांगितला. "मॅडम, तुम्हाला माहीत नाय? सगळे साहेब लोक कंटेनरचं दार उघडतात, पुढची दोन खोकी फोडतात, झालं काम. हे साहेब थैली घेऊन येतात. आत दहा सोंगट्या, शून्य ते नऊ. एक काढायची, परत टाकायची, असं चार वेळा, आला तो खोक्याचा नंबर. मला काढायला लावतात! चाळीस वेळा! एकदा नंबर आला अकराशे नव्वद. पार मागच्या भिंतीला चिकटलेलं खोकं. कंटेनर रिकामा करता करता हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला."

"सोंगट्या तुम्ही काढता की हे?" मी विचारले.

"मीच. ते हातच लावत नाय."

मी सोनटक्क्यांकडे पाहिले. ते लाखेच्या सीलवरचा ठसा भिंगातून तपासत होते. दाराजवळच्या खोक्यांत चांगला माल ठेवतात, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक असते. अधिकारी स्वतःच्या संशयाप्रमाणे खोकी निवडतात, हेही ठाऊक असते. या माणसाने दोन्ही लबाड्यांना एकाच थैलीत बंद केले होते. त्यांतली एक त्याची स्वतःची होती.

"सील शाबूत आहे. बघून घ्या, भोईर."

"तुमचं सील कधी फुटलंय का, साहेब."

"बघा म्हणतो ना."

त्याने पाहिले आणि सही केली. मी पिशवी उघडून अंजिरे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली. मोजली: एकशे एकाहत्तर. मग ट्रे उचलून आम्ही अंधाऱ्या खोलीत नेला. तिथे अतिनील दिवा होता. बुरशीने ठाण मांडलेले अंजीर त्या प्रकाशात हिरवट पिवळे चमकते. चमक म्हणजे विष नव्हे. ती फक्त संशयिताची ओळखपरेड. पण ओळखपरेड करायला हवी.

उपासनी, सोनटक्के, भोईर आणि मी अंधारात दाटीवाटीने उभे राहिलो. मी एकेक अंजीर फाडून आतली बाजू दिव्याखाली धरत होते. पहिली चाळीस काळीच.  एक्केचाळिसावे फाडले आणि त्याच्या पोटात काजव्यासारखा ठिपका पेटला.

"आयला," भोईर म्हणाला.

एकशे एकाहत्तर संपायला दीड तास लागला. नऊ चमकली. सोनटक्के मागे उभे राहून टॉर्चच्या उजेडात नोंद करत होते. शंभराच्या सुमारास ते म्हणाले, "मॅडम, काही अंजिरांना बाहेरून काहीतरी चिकटलंय. ते तुम्ही काढून टाकताय."

"कचरा आहे. वाळलेलं पान वगैरे."

"कोणत्या कोणत्या अंजिरांना आहे?"

मी नोंद केली नव्हती. विज्ञानाच्या पदवीधराला हे सांगणे जड जाते, पण मी सांगितले. आम्ही पुन्हा पहिल्यापासून, या वेळी उजेडात, सगळी अंजिरे पाहिली. बाजूला काढलेल्या तुकड्यांचे ठसे चिकट सालीवर स्पष्ट उमटलेले होते. बावन्न अंजिरांना पान लागलेले होते. उरलेल्या एकशे एकोणिसांना अजिबात नाही. पान लागलेली अंजिरे मोठी, चपटी, फिकट होती. बाकीची लहान आणि गडद. आणि चमकलेल्या नवांपैकी आठ त्या बावन्नांतली होती.

नववे लहान आणि गडद होते. त्याचे स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हाही नव्हते, आजही नाही.

"पानाचं काय एवढं?" भोईरचा आवाज आता जरा चढला होता. "गोदामात शेजारी तमालपत्राची पोती होती. उडालं असेल. मसाल्याचा माल असतोच आजूबाजूला."

पानाचा सर्वांत मोठा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा होता. मी तो काचेवर ठेवून भिंगाखाली पाहत होते. वास तमालपत्राच्या जवळपासचा होता आणि भोईरचे म्हणणे खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हते.

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या शेवंताबाई दळवी तिथेच होत्या. त्यांनी मानेनेच, बघू का, असे विचारले आणि भिंगात डोकावल्या.

"हे तमालपत्र न्हाई," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" मी म्हणाले.

"थांबा." त्या बाहेर गेल्या आणि आपला डबा घेऊन आल्या. मसालेभातातले एक पान त्यांनी बोटांनी उपसले, नळाखाली धुतले आणि काचेवर त्या तुकड्याशेजारी ठेवले. "ह्याला तीन शिरा असत्यात बघा, देठापासनं टोकापत्तुर, शेजारी शेजारी. तुमच्या त्या पानाला मधी एकच हाय, आन् बाकीच्या तिच्यातनं फुटल्यात. आंब्याच्या पानागत."

मी पाहिले. उपासनींनी पाहिले. भोईरला बोलावून दाखवले.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला बंदरावर घ्यायला पायजे होतं."

"भात निवला माझा," शेवंताबाई म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या.

ग्रंथालयातून वनस्पतिशास्त्राचे पुस्तक आणायला मला एक तास लागला. एका शिरेचे, तशाच वासाचे पान भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेलचे असते आणि तिकडचे काही व्यापारी अंजिरांत किडे होऊ नयेत म्हणून ते थरांमध्ये घालतात. त्या तुकड्यावरून देश सिद्ध होत नव्हता, आणि तसे मी लिहिलेही नाही. मी एवढेच लिहिले की एकाच लेबलाखाली वेगवेगळ्या रीतीने हाताळलेला दोन प्रकारचा माल मिसळला आहे, त्यांपैकी एका प्रकाराला असे पान लागले आहे, आणि बुरशीची चिन्हे जवळजवळ सगळी त्याच प्रकारात आहेत.

मग सगळी अंजिरे, चमकलेली आणि न चमकलेली, नव्या दगडी ग्राइंडरमध्ये पाण्यासह वाटली. यंत्रावर नमुना चढवला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. सोनटक्के बाहेर बाकावर बसून राहिले. भोईरही राहिला, त्याने दोघांसाठी वडापाव मागवले आणि सोनटक्क्यांनी आपले पैसे त्याच्या खिशात कोंबले, यावरून दोघांची बरीच हुज्जत झालेली मला आतून ऐकू येत होती.

आकडा आला त्रेचाळीस. मी दुसऱ्यांदा चढवला. एक्केचाळीस.

मी बाहेर येऊन सांगितले. भोईर उठला, मोबाइल घेऊन जिन्याकडे गेला. सोनटक्क्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की या माणसाला गणित चांगले कळत होते आणि गेले दोन दिवस त्याला झोप लागली नसावी.

"एक विचारू?" मी म्हणाले. "पंचवीस आला असता तर खरंच सोडला असता माल?"

"सोडावाच लागला असता."

"लेबलाचा संशय असूनही?"

"तो संशय माझा होता, मॅडम. माझं माप नव्हतं ते."

खेप परत गेली. मूळ देशाचा खुलासा आयातदाराला शेवटपर्यंत देता आला नाही. सोनटक्क्यांवरची छळाची नोटीस रद्द झाली. माझ्या लेखी निवेदनात मी पहिले दोन अहवाल कसे तयार झाले ते, चार अंजिरांसह, जसेच्या तसे लिहिले होते. सुक्या फळांसाठीची आमची मान्यता तीन महिने स्थगित झाली. उपासनींनी मला काढले नाही. तीन महिने ते माझ्याशी बोलले मात्र नाहीत, आणि चौथ्या महिन्यात त्यांनी सगळ्या कार्यपद्धती भिंतीवरून काढून आमच्याकडून एकेक करून हातांनी करवून घेतल्या.

एक गोष्ट शिल्लक होती. नियमात दोन भाग असताना सोनटक्क्यांनी तीन केले होते आणि एक भाग खोट्या क्रमांकाने प्रयोगशाळेकडे पाठवला होता. याचे उत्तर त्यांना द्यावे लागणार होते. त्यासाठी उपसंचालकांच्या कार्यालयात सुनावणी झाली आणि मला साक्षीदार म्हणून बोलावले गेले. उपसंचालक समजूतदार होते. त्यांनी ताकिदीचा मेमो आधीच तयार करून ठेवला होता, शक्य तितका सौम्य. त्यांनी तो वाचून दाखवला: सदर अधिकाऱ्याने एका प्रसंगी, मालाबद्दल रास्त संशय असल्याने, विहित कार्यपद्धती सोडून नमुना पाठवला, हेतू प्रामाणिक असल्याने केवळ ताकीद देण्यात येत आहे, सेवापुस्तकात नोंद करण्याची आवश्यकता नाही.

"मान्य असेल तर सही करा, सोनटक्के. विषय संपला."

सोनटक्क्यांनी मेमो हातात घेतला आणि सगळा वाचला. मग म्हणाले, "मेमो बरोबर आहे, साहेब. असं करायचा मला अधिकार नव्हता. फक्त एक दुरुस्ती हवी."

"कोणती?"

"'एका प्रसंगी' लिहिलंय. अकरा आहेत."

उपसंचालकांनी चष्मा काढला. "अकरा?"

"गेल्या चार वर्षांत. याच प्रयोगशाळेकडे."

मी खुर्चीत ताठ बसले. चार वर्षांतली तीन माझी होती. "आधीच्या दहांचं काय झालं?" मी विचारले. मला तिथे प्रश्न विचारायची परवानगी नव्हती.

"जुळले," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "दहाच्या दहा. अपूर्णांकापर्यंत. म्हणून तर अवघड नमुने तुमच्याकडे पाठवत होतो."

"कशाचे होते?"

"पाम तेल. मैदा. दूध भुकटी. अशीच."

मी हसले असावे, कारण उपसंचालकांनी माझ्याकडे पाहिले. "ते सगळं ढवळलं की सारखं होतं," मी म्हणाले. "त्यात कोणी वरून मूठभर घेतलं तरी चालतं. आमची चूक त्यात दिसणारच नव्हती."

 मला वाटले, सोनटक्क्यांना राग येईल. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र, बेरीज चुकलेली सापडल्यावर दिसते तसले समाधान होते.

"म्हणजे माझी परीक्षाच दहा वेळा सोपी होती," ते म्हणाले. "हे बरोबर आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"सोनटक्के," उपसंचालक हलक्या आवाजात म्हणाले, "एका प्रसंगाला ताकीद पुरते. अकरांना पुरत नाही. मला हे सेवापुस्तकात लिहावं लागेल. वेतनवाढ थांबेल. त्या दहांबद्दल कोणाचीही तक्रार नाही, कोणाला माहीतही नाही. मी 'एका' वाचलंय. तुम्ही 'एका' वर सही करा आणि घरी जा."

"आभारी आहे, साहेब."

त्यांनी टेबलावरचे पेन घेतले. 'एका' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. वर 'अकरा' लिहिले, कंसात आकड्यातही लिहिले. 'प्रसंगी'वर रेघ मारून 'प्रसंगांत' केले. बाजूला तारीख घातली आणि दुरुस्तीवर वेगळी छोटी सही केली.

मग पान उलटून त्यांनी खाली पूर्ण सही केली आणि मेमो उपसंचालकांपुढे सरकवला.